आमवात, साडेतीन वर्षांचं मूल आणि नियमित लेखन : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी : मांडणी

उद्दिष्ट एवढंच की दर पंधरवड्याला ७०० ते ८०० शब्दांचा एक लेख हातावेगळा व्हावा, आणि त्यापायी औषध, झोप किंवा मूल यांची आबाळ होऊ नये.

गृहीत धरलेली परिस्थिती अशी : आमवात, सकाळी तास-दीड तास बोटं आखडलेली, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध, कमी-जास्त होणारा थकवा. घरात साडेतीन वर्षांचं मूल. दुसरं मोठं माणूस आहे, पण दिवसभर घरी नाही. आजार वेगळा असेल तर तपशील बदलतील, नोंदींचा क्रम मात्र बराचसा लागू पडेल.

पहिला आराखडा सगळे करतात तोच : मूल झोपल्यावर रात्री ९.३० ते ११.

१४ जानेवारी : रात्रीची वेळ रद्द

लेखन झालं, नाही असं नाही. पण मूल सकाळी आपल्याच वेळेवर उठतं, ते रात्रीचा हिशेब ठेवत नाही. झोप तुटली की सकाळचा आखडलेपणा लांबतो, आणि नेमकं त्याच वेळी बटणं लावणं, केस विंचरणं, बाटलीचं झाकण उघडणं अशी बोटांची सगळी कामं येतात.

रात्री येणाऱ्या तरतरीवरही विसंबू नये. स्टेरॉइड चालू असेल तर ते शक्यतो सकाळी घ्यायला सांगतात, कारण उशिरा घेतलं की झोप उडते. अशा वेळी डोकं भराभर चालतंय असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी वाचलं की निम्मा मजकूर काढावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यांना श्रमानंतर आजार बळावण्याचा त्रास आहे, त्यांच्यात परिणाम बहुधा लगेच दिसत नाही, १२ ते ४८ तासांनी दिसतो. म्हणजे सोमवारी रात्री बसलं आणि मंगळवारी बरं वाटलं, तर "जमलं" असं लिहून मोकळं होता येत नाही. बुधवार पाहावा लागतो. इथून पुढे कुठलीही वेळ चालते की नाही हे दोन दिवस थांबूनच ठरवायचं.

२० जानेवारी : नोंदवही

कधी लिहायचं हे अंदाजाने ठरत नाही, म्हणून नोंद ठेवायला घेतली. पहिला तक्ता अकरा रकान्यांचा होता. तो भरायलाच एवढी ताकद जायची की लेखनाला काही उरायचं नाही. शिवाय वाईट दिवशी तो कोराच राहायचा, आणि खरी माहिती तर त्याच दिवसांची हवी असते.

आता दिवसाला एक ओळ, चार गोष्टी :

झोप (० ते ३) / बोटं किती वाजता मोकळी झाली / आजचं सगळ्यात जड काम / लेखन झालं का

ही ओळ कॅलेंडरवरच, जिथे औषधाचा वार लिहिलेला असतो तिथेच. वेगळी वही केली की ती सापडत नाही.

"सगळ्यात जड काम" या रकान्यात मुलाची कामंही लिहायची, हे फार जण विसरतात. थकवा लेखनाने येतो असं वाटत असतं आणि तक्ता वेगळंच सांगतो. ओल्या अंगाचं मूल टबमधून उचलणं मनगटाला तासभराच्या टंकलेखनापेक्षा महाग पडतं. म्हणून अंघोळीनंतरची वेळ कितीही शांत असली तरी कीबोर्डसाठी बाद. ती वाचनाला ठेवली.

औषधाच्या वाराचाही उपयोग होतो. मेथोट्रेक्सेटनंतरच्या दिवशी मळमळ आणि मरगळ बऱ्याच जणांना येते, म्हणून तो दिवस आराखड्यात आधीच कोरा सोडला. मग त्या दिवशी काही झालं नाही याची टोचणी लागत नाही. मात्र लेखनाच्या सोयीसाठी औषधाचा वार परस्पर बदलू नये. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि वारांचा घोळ होऊन ते जास्त वेळा घेतलं गेलं तर विषबाधा होऊ शकते. वार बदलायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून.

२९ जानेवारी : दुपारची झोप आणि तिच्यानंतर काय

मूल दुपारी झोपतं तेव्हा लिहावं, हा दुसरा आराखडा. यात दोन अडचणी.

एक, ती वेळ आधी विश्रांतीची आहे. दुपारी पाठ टेकली नाही तर संध्याकाळ कोलमडते, आणि संध्याकाळी मुलाला माणूस सगळ्यात जास्त लागतं. दोन, ही झोपच जाणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, त्यात दुपारची झोप धरलेलीच आहे. या वयात बरीच मुलं दुपारची झोप सोडतात. जिचा पाया सहा महिन्यांत निघून जाणार आहे, तिच्यावर घर बांधायचं कशाला?

त्याऐवजी "शांत वेळ" बसवायला घेतली : मूल झोपो न झोपो, ठरलेल्या वेळी दोघंही एकाच खोलीत, आवाज कमी, प्रत्येकाचं आपापलं काम. ती बसायला आठवडे लागतात, दिवस नव्हे.

जे उपयोगी पडलं ते असं. मुलासाठी एक टोपली, जी फक्त याच वेळी खाली येते. तिच्यात जाड खडू, पाठकोरे कागद, चिकटचित्रं, मोठे ठोकळे. बॅटरीवर आवाज करणारं काही नाही, आणि ज्याचं झाकण उघडायला मोठं माणूस लागतं असंही काही नाही. आठवड्याला दोन वस्तू बदलायच्या, सगळी टोपली बदलायची नाही.

सुरुवात टोपलीने करायची नाही. आधी दहा मिनिटं मुलाजवळ बसून, फोन लांब ठेवून, मूल सांगेल ते खेळायचं. ही दहा मिनिटं वाचवायला गेलं की पुढची वीस मोडतात. हे इतक्या खात्रीने घडतं की त्यावर आता विचार करायचं सोडून दिलं आहे.

वेळ दाखवायला दहा मिनिटांचं वाळूचं घड्याळ आणलं. मुलाला मिनिटं कळत नाहीत, वाळू खाली जाताना दिसते. अडचण ही की ते उलटं करता येतं हे त्यालाही लगेच कळतं. अर्धी वाळू खाली गेली की तो उलटवणार आणि "अजून खूप आहे" म्हणून खुशीत सांगणार, किंवा कंटाळा आला की आडवं करून ठेवणार. उपाय : घड्याळ त्याच्या डोळ्यांना दिसेल पण हाताला लागणार नाही अशा फळीवर. उलटवायचा मान मात्र त्याचाच, सुरुवातीला एकदा, उचलून घेऊन नव्हे तर घड्याळ खाली आणून.

पडदा (टीव्ही, फोन) हा सोपा मार्ग आहे आणि आजार उफाळलेल्या दिवशी तो वापरायचाच, त्यात कमीपणा नाही. पण त्याच मार्गदर्शक तत्त्वांत या वयासाठी दिवसाला १ तासाची मर्यादा आहे, कमी असेल तर अधिक चांगलं. तो तास लेखनात उडवला तर वाईट दिवसासाठी हातात काही उरत नाही. म्हणून रोजच्या शांत वेळेत पडदा नाही.

८ फेब्रुवारी : अडतं कुठे

वेळ मिळते आहे, ताकदही थोडी आहे, तरी लेख पुढे सरकत नाही. नोंदी पाहिल्यावर कारण दिसतं : बसल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं "आपण कुठे होतो" हे शोधण्यात जातात. वीस मिनिटांतली दहा अशी गेली आणि मधे एकदा मुलाने हाक मारली की उरलं काय? निरोगी माणूस हा भुर्दंड दिवसातून एकदा भरतो. इथे दर वेळी भरावा लागतो, आणि डोकं जड असलेल्या दिवशी दुप्पट.

म्हणजे दुखणं वेळेच्या तुटवड्यापेक्षा पुन्हा सुरू करण्याच्या खर्चाचं जास्त आहे. यापुढचे सगळे बदल तो खर्च कमी करण्यासाठी.

पहिला बदल : उठण्याआधी पुढचं वाक्य लिहून ठेवायचं. पूर्ण वाक्य, मुद्दा नव्हे. "औषधांबद्दल लिहिणे" असं लिहिलं तर उद्या परत विचार करावा लागतो. "गोळ्यांचा डबा मुलाच्या हाताला लागू नये म्हणून तो" असं अर्धवट सोडलं तर हात आपोआप पुढे जातो. मूल अचानक रडत आलं तर हे लिहायला वेळ मिळत नाही, म्हणून बसल्या बसल्याच आज कुठे थांबायचं ते आधी ठरवायचं.

दुसरा बदल : कामांची यादी विषयानुसार न लावता ताकदीनुसार लावायची. "लेख पूर्ण करणे" ही ओळ कुठल्याच यादीत नको, ती कधीच खोडली जात नाही.

बरा दिवस : नवा मसुदा, परिच्छेदांचा क्रम लावणं, काय गाळायचं ते ठरवणं.

मधला दिवस : आवाजी (बोलून टंकलेल्या) मसुद्याची साफसफाई, शीर्षक, एखादी माहिती तपासणं.

वाईट दिवस : आडवं पडून एक वाक्य बोलून ठेवणं, किंवा जुना परिच्छेद नुसता वाचणं. तेही नको असेल तर काही नाही.

बऱ्या दिवशी मधल्या यादीतलं काम करायचा मोह होतो, कारण ते सोपं असतं. तो आवरायचा. बरा दिवस क्रम लावण्यात खर्च झाला नाही तर पुढचे पाच मधले दिवस नुसते अल्पविराम हलवण्यात जातात.

१७ फेब्रुवारी : आवाजी टंकलेखन

बोटं वाचवण्याचा सगळ्यात मोठा उपाय हाच. गूगलने मराठीतलं आवाजी टंकलेखन ऑगस्ट २०१७ मध्ये आणलं, त्यामुळे फोनच्या जीबोर्ड या कीबोर्डवर भाषा मराठी निवडून माइक दाबला की काम होतं. संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून टूल्सच्या यादीतून व्हॉइस टायपिंग, किंवा कंट्रोल-शिफ्ट-एस. माइकच्या चित्रावर भाषेची यादी असते, तिथे मराठी निवडायला विसरलं की मराठी वाक्यांचं इंग्रजी कडबोळं उमटतं.

काय काय बिघडतं :

थांबलं की माइक बंद होतो. विचार करायला थांबायची सवय असेल तर अर्धी वाक्यं हवेत जातात. म्हणून आधी वाक्य मनात जुळवायचं, मग माइक, मग एका दमात बोलायचं.

मुलाचा आवाज मजकुरात शिरतो. दोन गंभीर वाक्यांच्या मधे "पाणी पाहिजे मला निळ्या पेल्यात" असं शुद्ध मराठीत उमटलेलं सापडतं. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवल्यावर हे बरंच कमी झालं, गेलं नाही.

विरामचिन्हं. इंग्रजीत बोलून चिन्ह उमटतं तसं मराठीत गृहीत धरता येत नाही. बोलताना "पूर्णविराम" म्हणायचं, शब्दच उमटला तर शेवटी शोधा-बदला (फाइंड अँड रिप्लेस) वापरून तिथे टिंब आणायचं. परिच्छेदासाठी "नवी ओळ" असा साधा शब्द घेऊ नये, तो लेखातही येऊ शकतो. जो लेखात कधीच येणार नाही असा शब्द घ्यायचा. इथे "गेंडा" ठेवला आहे. मुलालाही तो आवडतो, ही वेगळी अडचण.

मजकूर इतका बिघडून आला की काय म्हणायचं होतं तेच कळत नाही, असंही होतं. नावं आणि औषधांची नावं यांत हमखास. तेवढे शब्द हाताने टंकायचे, बोलत बसायचं नाही.

बोलणं हेही श्रमच आहेत. आमवातासोबत काहींना तोंड कोरडं पडण्याचा त्रास असतो, त्यांना दहा मिनिटं सलग बोलणंही जड जातं. पाच मिनिटं बोलून थांबायचं आणि तो मसुदा त्याच दिवशी दुरुस्त करायला घ्यायचा नाही. पण फार दिवसही ठेवायचा नाही, तीन-चार दिवसांत हात फिरवला नाही तर चुकीच्या शब्दामागचा मूळ शब्द आठवत नाही.

२७ फेब्रुवारी : शोधा-बदलाची यादी

बोललेल्या मजकुरातल्या त्याच त्या चुका रोज हाताने काढणं म्हणजे बोटं वाचवून परत खर्च करणं. म्हणून यादी केली.

प्रत्यय सुटे पडतात : "मुला ला", "डॉक्टरां नी", "घरा साठी". मोकळी जागा-ला-मोकळी जागा शोधून आधीची जागा काढायची. "ला", "ने", "ची", "साठी", "पासून" यांना हे बहुतेक चालतं. "ना", "ही", "वर" यांना अजिबात नाही, कारण "हो ना", "ही गोळी", "वर ठेव" यांत ते स्वतंत्र शब्द आहेत. "शी" तर मुलांबद्दलच्या लेखात एकदम सगळीकडे बदलायचा धोका पत्करूच नये.

"ऱ्या" ऐवजी "र्या" : दुसर्या, बर्याच, सार्या. इथेही सरसकट बदल केला तर "पर्याय" आणि "मर्यादा" बिघडतात, आणि "दर्या" हा समुद्र असतो तिथे डोंगरातल्या "दऱ्या" होतात. पूर्ण शब्दांचीच यादी ठेवायची. दहा-बारा शब्दांत बहुतेक सगळं येतं. हाताने टंकायचं झाल्यास इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ.

न-ण, ल-ळ यांची अदलाबदल यंत्राने निघत नाही. त्यासाठी लेख मोठ्याने वाचून घ्यायचा, म्हणजे फोनलाच वाचायला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. कानाला चूक लगेच खटकते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला कळत नाही, ते डोळ्यांनीच.

बदल एकेक तपासत करायचे. "सगळे बदला" हे बटण दाबण्याआधी मसुद्याची प्रत काढून ठेवायची.

१० मार्च : आजार उफाळला

मधले दिवस नोंद नाही. तेवढ्यात यादी, टोपली, वाळूचं घड्याळ सगळं बंद पडलं. तसं ते पडणारच होतं. प्रश्न इतकाच की पुन्हा उभं करायला किती लागतं.

दोन गोष्टींनी वाचवलं. एक म्हणजे शिल्लक. दोन लेख पूर्ण करून बाजूला ठेवलेले होते, तारखेशी किंवा हंगामाशी न जोडलेले. त्यातला एक ठरल्या दिवशी गेला. शिल्लक लेख फक्त उफाळ्यासाठी, आळसासाठी नाही, नाहीतर ती महिन्याभरात संपते. भरपाईची घाईही करायची नाही, दर दोन नव्या लेखांमागे अर्धा लेख शिलकीत टाकला तरी पुरतं.

दुसरं, अर्धवट सोडलेलं वाक्य. परत बसल्यावर ते तिथेच होतं.

परतताना पहिल्या बऱ्या दिवशी लेखनाला बसायचं नाही. त्या दिवशी घरात साचलेलं सगळं अंगावर येतं, मुलालाही त्याचं माणूस परत हवं असतं. दुसऱ्या बऱ्या दिवशी मधल्या यादीतलं एखादं काम, नेहमीच्या निम्मा वेळ. नवा मसुदा चौथ्या-पाचव्या दिवशी. राहिलेला लेख भरून काढायचा नाही, तो पंधरवडा कोरा समजायचा.

१५ मार्च : काय लिहायचं नाही

हे आधीच ठरवून ठेवलं की प्रत्येक लेखाच्या वेळी डोकं खर्च होत नाही.

मुलाचं नाव, शाळा, रोजची वेळापत्रकं नाहीत. त्याचे आजार, शी-शू, रडारड नाही. कसोटी : तो पंधरा वर्षांचा असताना वर्गातल्या कुणी हे वाचून दाखवलं तर चालेल का? फोटोत गणवेशाचं चिन्ह किंवा खिडकीतून ओळखू येणारी जागा नको. फोनच्या फोटोत ठिकाणाचे आकडे दडलेले असू शकतात, म्हणून कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद करायची आणि जुना फोटो वापरायचा तर स्क्रीनशॉट घेऊन तो वापरायचा.

स्वतःच्या आजाराबद्दल लिहिताना गोळीचा डोस लिहायचा नाही. वाचणारा तो उचलतो, त्याची किडनी आणि यकृत कसं आहे हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

२४ मार्च : बसणं

मांडीवर लॅपटॉप घेऊन पलंगावर बसणं बंद, मान आणि मनगट दोन्ही वाकतात. कोपर टेकलेलं, मनगट सरळ, कीबोर्ड कोपराच्या उंचीला. लॅपटॉप उंच ठेवून कीबोर्ड वेगळा जोडला तरच हे दोन्ही जमतं. पेनवर फोमची जाड नळी चढवली की चिमटीत जोर कमी लागतो. मुलाने ती कुरतडली, म्हणून आता ती टोपलीपासून लांब.

२ एप्रिल : प्रती

मसुद्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. साधा मजकूर, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी अक्षरं मोडत नाहीत. फाइलच्या नावात आधी तारीख. पासवर्ड घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असावा, रुग्णालयात राहावं लागलं तर ठरलेला लेख पुढे ढकलायला तरी कुणी हवं.

१२ एप्रिल : सध्याची स्थिती

चालू असलेलं : शांत वेळ आठवड्यातून चार दिवस टिकते, उरलेले दिवस जमेस धरलेले नाहीत. मसुदा आवाजी, सफाई हाताने, शिल्लक एक लेख. पंधरवड्याची मुदत तीन आठवड्यांवर नेली आहे आणि ती तशीच राहील.

बाकी : दुपारची झोप आता एक दिवसाआड येते. ज्या दिवशी ती उशिरा लागते त्या दिवशी मूल रात्री दहापर्यंत जागं राहतं आणि पुढच्या सकाळची ओळ खराब निघते. शांत वेळ अर्धा तास अलीकडे घेऊन दोन आठवडे पाहायचं आहे. त्यासाठी दुपारच्या गोळ्यांचा गजरही हलवावा लागेल, ते आधी डॉक्टरांना विचारायचं.